पुराच्या बोटीची बसलेली बॅटरी परत कशी उठवायची आणि वर्षभर कशी सांभाळायची

आमच्या दूधगंगेच्या काठाला मासेमारीवाल्यांची सोडली तर बाकीच्यांची बोट पुरापुरतीच. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढलं, निपाणीशेजारच्या यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला, इकडं सदलगा, बोरगाव, कारदगा पट्ट्यात ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात, आणि लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत म्हातारी माणसं आणि शेळ्या बसवून बाहेर काढत होती. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून एक सेकंडहँड फायबरची बोट आणली, मागं सेल्फवाली मोटर, एक सर्चलाइट, तळातलं पाणी उपसायला छोटा बिल्ज पंप, आणि ह्या सगळ्याला मिळून एकच १२ व्होल्टची ७५ एएच बॅटरी (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती करंट किती तास मावतोय त्याचं माप). दिवाळीनंतर बोट पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवली ती ठेवलीच. पुढच्या मृगाला ताडपत्री काढून बटण दाबलं तर नुसतं टिक् आणि गप्प. मीटर लावला, ८.१ व्होल्ट. दुकानात नेली तर तिथल्या माणसानं हात पण न लावता सांगितलं, टाका आणि नवीन घ्या.

टाकली नाही. चार दिवस लागले पण ती उठली, आणि जुलै २०२१ चं पाणी आम्ही तिच्यावरच काढलं. तेव्हापासून बोटीच्या, ट्रॅक्टरच्या, घरच्या इन्व्हर्टरच्या अशा बऱ्याच बसलेल्या बॅटऱ्या हाताखालून गेल्या, काही उठल्या काही नाही, आणि एक गोष्ट पक्की कळली की बोटीची बॅटरी पाण्यात काम करून मरत नाही, शेडमध्ये रिकामी पडून मरती. म्हणून हे नवीन लोकांसाठी सविस्तर लिहितोय, ज्यांनी कधी बॅटरीचं बूच पण उघडलं नाही त्यांनाही जमावं असं.

आत काय होतंय ते आधी समजून घ्या

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असत्यात, एकेक सेल साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून फुल्ल भरलेली आणि काही तास निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवती. आत शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाचं ॲसिड. बॅटरी वापरली की ॲसिडमधला गंधकाचा भाग प्लेटांवर जाऊन बसतोय, त्याला लेड सल्फेट म्हणत्यात, आणि राहिलेलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होत जातंय. चार्ज केलं की उलटं, सल्फेट सुटून परत ॲसिडात येतंय. हे रोज घडतंय, त्यात वाईट काही नाही.

वाईट केव्हा, तर बॅटरी उतरलेली तशीच ठेवली की. ताजं सल्फेट बारीक पिठीसाखरेसारखं असतंय, लगेच विरघळतंय. आठवडे, महिने गेले की त्याचे खडे बनत्यात, खडीसाखरच समजा, आणि खडीसाखर तोंडात टाकल्या टाकल्या विरघळत नाही तसंच हे पण करंट लावल्या लावल्या सुटत नाही, हळूहळू वेळ देऊनच सुटतंय आणि फारच जुनं असेल तर सुटतच नाही. बसलेली बॅटरी उठवायची म्हणजे हे खडे धीरानं विरघळवायचे, बाकी त्यात जादू काही नाही. म्हणूनच कुणी सांगितलं की दोन तासात जोरात चार्ज करून देतो तर देऊ नका, जोरात करंट घातला की प्लेटा तापून वाकत्यात, आतला मसाला झडून तळाला बसतोय आणि होती ती पण जाती.

काय काय जमवायचं

डिजिटल मल्टीमीटर, हायड्रोमीटर म्हणजे ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानानं ॲसिड किती दाट ते) बघायची काचेची नळी, डिस्टिल्ड वॉटर, ज्याचा करंट कमी करता येतोय असा चार्जर, जाड जंपर केबल, खायचा सोडा, जुना टूथब्रश, व्हॅसलीन, रबरी हातमोजे आणि डोळ्याला गॉगल. गॉगलबद्दल कंटाळा करू नका. ॲसिडचा एक थेंब सुती शर्टावर पडला तर लगेच दिसत नाही, पण पहिल्या धुण्यात तिथं भोक पडतंय, डोळ्याचं काय होईल ते तुम्हीच बघा. डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि तसंच थेट डॉक्टरकडं.

दुसरी गोष्ट, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतोय, हवेत तो नुसता ४ टक्के झाला तरी ठिणगीनं भडका उडतोय. म्हणून चार्जिंग कधीही बोटीच्या बंद कप्प्यात, पेट्रोलच्या टाकीशेजारी नको. बॅटरी बाहेर काढून पडवीत, हवेशीर जागी. खंडेनवमीला आपण सगळी हत्यारं, मोटरी, बॅटऱ्या मांडून पूजा करतोय, चांगलंच आहे, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटरीपुढं उदबत्ती आणि निरांजन अजिबात नको. आधी चार्जर बंद करा, बुचं लावा, तासभर जाऊ द्या, मग पूजा.

आता कामाला लागू

बॅटरी काढताना मायनसची काळी वायर आधी सोडायची, मग प्लसची. बसवताना उलटं, प्लस आधी, मायनस शेवटी. ह्याचं कारण साधं आहे, मायनस सुटलेली असली की पान्हा चुकून कुठं लागला तरी शॉर्ट होत नाही.

बाहेर काढली की उजेडात नीट बघा. पोट फुगलंय का, तडा गेलाय का, टर्मिनल हलतंय का. ह्यातलं एक जरी असेल तर पुढं काही करू नका, ती गेली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुरा धरला असेल तर ते मरण नव्हे, एक वाटी कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून ब्रशनं घासा, फसफसतंय ते ॲसिड मारलं जातंय. हे करताना बुचं घट्ट लावलेली पाहिजेत, सोडा आत गेला तर आतलं ॲसिड पण मरंल. मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसा. वरचा भाग नुसता ओलसर आणि मळका असला तरी त्यावरनं प्लसपासून मायनसपर्यंत बारीक करंट वाहत राहतोय आणि बॅटरी आपोआप उतरती, पुरात फिरलेल्या बोटीत तर वर गाळाचा थरच असतोय.

आता मीटर. १२.६ च्या वर म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. त्याच्याही खाली, १०, ९, ८ असं दाखवत असेल तर ती खोल उतरलेली, हाच आपला विषय. आमच्या ८.१ वालीचं असंच होतं. मीटरनं १० च्या थोडं वर दाखवलं आणि चार्ज करूनही तिथंच अडकून राहिलं तर बहुतेक एक सेल शॉर्ट असतोय, कारण १२.६ मधनं एक २.१ वजा केला की १०.५ च राहतंय. तसली बॅटरी उठत नाही.

मग बुचं उघडून टॉर्चनं आत बघा, आणि हो, काडी किंवा लायटर लावून नाही बघायचं, हे सांगावं लागतंय कारण मी बघितलंय लोकांना. प्लेटा पाण्याच्या वर उघड्या दिसत असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पण फक्त प्लेटा बुडतील एवढंच. पूर्ण लेव्हल चार्ज झाल्यावर करायची, कारण चार्ज होताना पाणी फुगून वर येतंय आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतंय. नळाचं, बोअरचं, आरओचं पाणी नको, त्यातले क्षार आत गेले की परत निघत नाहीत. आणि ॲसिड तर अजिबात घालू नका. ग्रॅव्हिटी कमी दिसली की बरेच जण ॲसिड ओतत्यात, हायड्रोमीटर लगेच छान आकडा दाखवतोय आणि मालक खूश होतोय, पण गंधक आधीच प्लेटांवर अडकलेला आहे, तो सुटला की ॲसिड गरजेपेक्षा तिखट होऊन प्लेटा खाऊन टाकतंय.

चार्जर म्हणतोय बॅटरीच नाही

इथंच नवीन माणूस अडतोय. आजकालचे ऑटोमॅटिक चार्जर बॅटरीचा व्होल्टेज फारच कमी दिसला की सुरूच होत नाहीत, लाल दिवा लुकलुकतोय आणि बस. लोक म्हणत्यात बॅटरी मेली. मेली नाही, चार्जरला ती दिसत नाही एवढंच.

उपाय असा की एक चांगली १२ व्होल्टचीच बॅटरी, आम्ही ट्रॅक्टरची घेतली, इंजिन बंद ठेवून, जंपर केबलनं शेजारी जोडायची, प्लसला प्लस, मायनसला मायनस. आता चार्जरला दोन्ही मिळून १२ च्या आसपास दिसतंय आणि तो सुरू होतोय. अर्धा-एक तास असं ठेवून मग चांगली बॅटरी काढून घ्यायची, बहुतेक वेळा चार्जर पुढं चालू राहतोय, नाही राहिला तर परत जोडायची. केबल गरम लागायला लागली तर लगेच सोडा, आत शॉर्ट आहे. केबल जोडायच्या-काढायच्या आधी चार्जर बंद, आणि जोडताना मायनसचा दुसरा चिमटा सगळ्यात शेवटी, कारण ठिणगी तिथंच पडती.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला साधा चार्जर असेल तर ही भानगड नाही, तो मेलेल्या बॅटरीत पण करंट ढकलतोय. पण तो स्वतःहून थांबत नाही, त्याला लावून झोपायला जायचं नाही.

करंट किती? चांगल्या बॅटरीला एएचचा दहावा भाग चालतोय, म्हणजे ७५ एएचला साडेसात अँपिअर. बसलेलीला त्याच्या निम्मा किंवा कमीच, आम्ही ३ वर ठेवला होता. पहिले काही तास गंमत अशी दिसती की चार्जरचा व्होल्टेज झटकन १४.४ ला पोचतोय पण करंट अर्धा अँपिअर पण जात नाही. चार्जर बिघडला असं वाटतंय, पण हेच सल्फेटचं लक्षण, खडे करंटला वाट देत नाहीत. धीर धरा. आमच्यात रात्रभर असंच चाललं, सकाळी सहाला बघतो तर पावणेदोन अँपिअर जात होता, आणि बुचाशी कान नेला तर आत बारीक चुरचुर आवाज, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तो आवाज आला की समजायचं सेल जागे व्हायला लागलेत. आवाज फक्त पाच बुचांतनं येत असेल आणि एक गप्प, त्या गप्प सेलवर नजर ठेवा.

दर दोन तासांनी पोटाला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नाही इतकी तापली, म्हणजे ५० डिग्रीच्या वर, तर बंद करून थंड होऊ द्या आणि कमी करंटनं परत लावा. आपल्याकडं लाइट जाती-येती, त्यानं फारसं बिघडत नाही, चार्जिंग तुकड्या-तुकड्यात झालं तरी चालतंय. फक्त काही चार्जर लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, ते बघून घ्या. एकूण २४ ते ४८ तास धरा.

ग्रॅव्हिटी खरं सांगती

व्होल्टेज फसवतोय. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवंल, तो वरवरचा चार्ज असतोय, चार-सहा तास ठेवून मगच मोजा. हायड्रोमीटर मात्र सेल-सेलचं वेगळं सांगतोय. स्टार्टिंगच्या, म्हणजे इंजिन सुरू करायच्या बॅटरीत फुल्लला १.२५० ते १.२८०, इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर, म्हणजे जाड नळ्यांच्या प्लेटांच्या बॅटरीत १.२४० च्या आसपास, मेकॅनिक लोक ह्यालाच बाराशे चाळीस म्हणत्यात. १.१९० म्हणजे निम्मी, १.१२० म्हणजे रिकामी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, अथणी-रायबाग बाजूला पारा ४० ला जातोय तेव्हा, हायड्रोमीटर थोडं कमीच दाखवतोय, नळीवर लिहिलेल्या तापमानाच्या वर दर १० डिग्रीला साधारण ०.००७ मिळवायचे.

सहाचे आकडे वहीत लिहा. आमचे पहिल्या दोन दिवसांनी पाच सेल १.२३५ च्या पुढं-मागं आणि प्लसकडून तिसरा १.१९०. असा एखादा मागं राहिला की इक्वलायझिंग करायचं, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजवर, १५.५ ते १६ पर्यंत, पण अगदी कमी करंटनं, ७५ एएचला दीड-दोन अँपिअर, काही तास चालवायचं. जे सेल भरलेत ते नुसते उकळत राहत्यात आणि मागं राहिलेला भरून घेतोय. दर तासाला ग्रॅव्हिटी बघायची, तीन वेळा आकडा तोच आला की बंद. ही गोष्ट फक्त बूच उघडणाऱ्या, पाणी घालायच्या बॅटरीलाच. एसएमएफ, एजीएम, जेल असल्या बंद बॅटरीला कधीही नाही, तिच्यातलं पाणी उडालं की परत घालता येत नाही, तिला १४.४ च्या आसपास थांबायचं. आणि हे करताना बॅटरी बोटीला जोडलेली नको, १६ व्होल्टनं सर्चलाइट आणि मीटर जळत्यात.

आमचा तो सेल सहा तासांनी १.२२५ ला आला. इक्वलायझिंग करूनही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली राहिला तर मात्र सोडून द्या, त्या एकासाठी बाकीचे पाच रोज मार खातील.

मीठ, तुरटी, मॅग्नेशियमची पूड घालून बॅटरी नवी होती असे व्हिडिओ खूप फिरत्यात. मी घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. पल्स मारणारी छोटी मशिनं पण मिळत्यात, माझ्या अनुभवात जे काम झालं ते सावकाश चार्जिंगनंच झालं.

परीक्षा घेतल्याशिवाय बोटीत नको

१२.६ दाखवणारी बॅटरी पण आत पोकळ असू शकती. फुल्ल चार्ज करून रात्रभर ठेवा, मग ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडा, तो साधारण साडेचार अँपिअर ओढतोय. घड्याळ लावा आणि दर तासाला व्होल्टेज लिहा, ११ ला आला की बल्ब काढा आणि लगेच चार्जिंगला लावा. आमची दहा तास चालली, म्हणजे ४५ एएच, ७५ ची नवी नसली तरी पुराच्या रात्री सर्चलाइटला पुरेशी. चार-पाच तासच चालली असती तर मी ती गोठ्यातल्या दिव्याला लावली असती, बोटीला नाही. बोटीत माणसं बसत्यात.

मग सेल्फ मारून बघा, मारताना मीटर ९.६ च्या खाली जायला नको.

वर्षभर सांभाळायची कशी

बोट बांधून ठेवताना बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळे स्विच बंद आहेत म्हणून भागत नाही, बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), रेडिओ, कुठला तरी बारीक दिवा करंट खात राहतोय. नुसता २० मिलीअँपिअर खाल्ला तरी महिन्याला १४ एएच जातंय, पाच महिन्यात ७५ ची बॅटरी जवळजवळ रिकामी. शिवाय बॅटरी काही न जोडता पण महिन्याला ३ ते ५ टक्के आपोआप उतरती आणि तापमान १० डिग्रीनं वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतोय. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढणं म्हणजे तिला भट्टीत ठेवणंच. घरात आणा, जिन्याखाली, सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. फरशीवर ठेवली तर उतरती म्हणून फळी टाकत्यात, टाका हवी तर, पण प्लास्टिकच्या डब्याच्या बॅटरीला फरशीनं काही होत नाही.

महिन्यातनं एकदा मीटर बघायचा आणि १२.४ च्या खाली दिसली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही अमावास्या धरलीय, गाडी-ट्रॅक्टर धुऊन लिंबू बांधायचा दिवस, तेव्हाच बॅटरीचं पण बघून वहीत आकडा लिहायचा. खंडेनवमीला पाणी, ग्रॅव्हिटी आणि टर्मिनलला व्हॅसलीन. मे संपताना बल्बची परीक्षा. मृग निघायच्या आधी बॅटरी बोटीत बसलेली पाहिजे, पाणी चढल्यावर चार्जर शोधायचा नाही, कारण तेव्हा लाइट सगळ्यात आधी जाती.

ज्यांना चार्जिंगचा कंटाळा आहे त्यांनी २० वॅटचं सोलर पॅनेल लावावं, पण मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा, पाहिजेच. दसऱ्यापासून मेपर्यंत आपल्याकडं ऊन भरपूर, तेवढं पॅनेल आपोआप उतरणं भरून काढायला पुरतंय. मोटरीवरच्या चार्जिंगच्या भरवशावर राहू नका. छोटी मोटर पाच-सहा अँपिअर देती असं धरलं तर वीस मिनिटांच्या फेरीत दोन एएच आलं, आणि रात्री आठ तास सर्चलाइट जळला तर ३६ एएच गेलं, हिशोब कुठं जुळतोय?

बोटीत बसवताना बॅटरी पट्ट्यानं घट्ट बांधायची, झाकणाच्या डब्यात, पण डब्याला हवा जायला भोकं पाहिजेत. प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज. जमत असेल तर सेल्फला एक आणि लाइट-पंपाला वेगळी ट्युब्युलर अशा दोन ठेवा, कारण स्टार्टिंगच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असत्यात, त्यांना झटका द्यायचा असतोय, रात्रभर जळायचं नसतंय. बल्बची परीक्षा सोडली तर निम्म्याच्या खाली, १२.२ च्या खाली, कुठलीच उतरू द्यायची नाही, आणि पुरातनं परत आल्यावर कितीही दमला असाल तरी आधी बॅटरी चार्जिंगला, मग अंघोळ.

उठली नाही तर फोडून शिसं काढायला देऊ नका आणि ॲसिड गटारीत, ओढ्याला ओतू नका, ते फिरून आपल्याच नदीला येतंय. जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी कंपन्यांवर घातलीय, नवीन घेताना जुनी दुकानात द्या, वजनावर पैसे पण वजा होत्यात.